नोर्माच्या वहीतल्या फुल्या

१५ मार्च १९५४, मोदेना

ही वही आमच्या मालकांनी, कावालिएरे बेर्गोन्झिनींनी दिली आहे. म्हणाले, "प्रत्येक शर्यतीनंतर गाडीबद्दल लिहायचं, मालागोली. टायर, ब्रेक, इंजिन. रडगाणं नको." गाडीबद्दल लिहायला मुख्य मेकॅनिक एर्मेस आहे. त्याच्या नोंदीतून साधा स्क्रूसुद्धा निसटत नाही. तेव्हा इथे मी माझं रडगाणंच लिहिणार.

आजची बातमी म्हणजे संघात दुसरा चालक आला. आल्विझे झांकिन, पादोव्हाचा, वय चोवीस. पहिला चालक मी, वय एक्केचाळीस. गळ्यात पिवळा रुमाल बांधून आला होता, जणू लग्नालाच निघालाय. माझा हात हातात घेऊन म्हणाला, "उस्ताद, तुम्हाला बघत बघत मी लहानाचा मोठा झालो." म्हणजे मी म्हातारा झालो हे त्याने पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं.

नोर्मा हसली. नोर्मा माझी बायको. सात वर्षं ती पिटच्या, म्हणजे शर्यतीत गाड्या दुरुस्तीला थांबतात तिथल्या, भिंतीवर स्टॉपवॉच घेऊन उभी राहते, फेऱ्यांच्या वेळा लिहिते आणि पाटीवर आकडे लावून मला दाखवते. गेल्या सहा महिन्यांत ती माझ्या कुठल्याच बोलण्यावर इतकी हसलेली नाही.

२३ मार्च

क्लबच्या डॉक्टरांकडे माझी वार्षिक तपासणी झाली. छाती ठोकून पाहिली, गुडघ्यावर हातोडी मारली, अक्षरांचा तक्ता वाचायला लावला. तो तक्ता सात वर्षं तोच आहे. आम्हा सगळ्या चालकांना खालच्या ओळीपर्यंत पाठ आहे. उलटासुद्धा म्हणून दाखवीन. डॉक्टर म्हणाले, गरुडाची नजर.

घरी येऊन हे सांगितलं तर नोर्माचा चेहरा उतरला. "ओरेस्ते, मोंझाला तो खडा लागल्यापासून तू एकदाही डोळे नीट दाखवले नाहीस. कुणा चांगल्या डॉक्टरकडे जाऊ या ना."

गेल्या सप्टेंबरात पुढच्या गाडीच्या चाकाखालून खडा उडून माझ्या गॉगलवर बसला होता. काच तडकली, उजवा डोळा आठवडाभर लाल होता, संपलं. त्याचं एवढं काय? माझा आवाज चढला. मी म्हणालो, "मला आंधळा ठरवून त्या पोराला माझ्या गाडीत बसवायचंय का तुला?" तिने ताट उचललं आणि आत गेली. पुन्हा विषय काढला नाही. मी जिंकलो.

११ एप्रिल, सिराकुझा

मी पाचवा, पोरगा चौथा. त्याने मला शेवटून तिसऱ्या फेरीत गाठलं. मोठ्या वळणावर माझ्या उजवीकडे एक अख्खा ट्रक जाईल इतकी जागा होती. तिथून न जाता हा शहाणा डावीकडून, बाहेरून, लांबचा फेरा घेऊन पुढे गेला. का? तर लोकांनी बघावं, की आल्विझे झांकिन कठीण बाजूनेसुद्धा जाऊ शकतो. दिवसभर तो दोनदा पुढे गेला, दोन्हीदा डावीकडूनच.

आणखी एक पाहिलं. आमच्याकडे पद्धत अशी, की पिटसमोरून जाताना पाटी वाचली म्हणजे चालकाने स्टीअरिंगवरून एक बोट उचलायचं. भिंतीवरच्या माणसाला कळतं, निरोप पोचला. मी एक बोट उचलतो. हा अख्खा हात उचलतो! कावालिएरे हसतात, एर्मेस हसतो, आणि नोर्मा खाली मान घालून वहीत काहीतरी टिपते.

नवीन हेल्मेटची उजवी कड डोळ्यावर येते. एर्मेसला घासायला सांगितलं.

२ मे, मोदेना

फाटकाच्या उजव्या खांबाला गाडी घासली. हा खांब कुणी पुढे सरकवला देव जाणे.

१६ मे

रविवार म्हणून नोर्माने आल्विझेला जेवायला बोलावलं. मला न विचारता. तोर्तेल्लीनी केले होते, कोंबडीच्या रस्स्यात, जे माझ्या वाढदिवसालाही हल्ली होत नाहीत. तो तीनदा घेऊन जेवला आणि म्हणाला, "नोर्माताई, आमच्या पादोव्हात असं काही मिळत नाही." ताई! मी त्याच्या पेल्यात लाम्ब्रुस्को वाइन ओतत होतो, ती थोडी बाहेर सांडली. मुद्दाम नाही. पण सांडली याचं वाईटही वाटलं नाही.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. अर्धा क्षण, त्याहून जास्त नाही. पण सात वर्षं सेकंदाच्या दहाव्या भागावर पोट भरणाऱ्या माणसापासून अर्धा क्षण लपत नाही. मग नोर्माने पावाची टोपली माझ्या उजवीकडून उचलून डावीकडे ठेवली. ती हल्ली नेहमी माझ्या डावीकडच्या खुर्चीवर बसते, मला मान वळवावीही लागत नाही, तरी तिच्याकडे बघणं मला अवघड जाऊ लागलंय.

मला हेवा वाटतोय. लिहून टाकलं, बरं वाटलं.

२० जून, स्पा

पाऊस, धुकं, सहावा. पण गाडीबद्दल नाही लिहायचं.

आमची पाटी सात वर्षं काळी आणि आकडे पांढरे. काल सरावाला आलो तर पाटी दुप्पट मोठी आणि आकडे पिवळे! त्याच्या रुमालासारखे पिवळे. मी एर्मेसला गाठलं.

"हा रंग कुणी दिला?"

"तुझ्या बायकोने. पोराने डबा आणला, दोघांनी मिळून रंगवली. का, छान दिसतेय की."

"छान दिसायला ती काय मिठाईच्या दुकानाची पाटी आहे?"

"ओरेस्ते," एर्मेस हात पुसत म्हणाला, "तुला दिसली ना? मग झालं तर."

तळपायाची आग मस्तकात गेली. साऱ्या युरोपासमोर माझी बायको त्याचा रंग हातात घेऊन उभी राहते, आणि मुख्य मेकॅनिक म्हणतो झालं तर. शर्यतीत मी त्या पाटीकडे बघितलंच नाही. बघायची गरजही नसते. मी कितवा आहे आणि पुढचा किती लांब आहे हे मला गाडीच्या आवाजावरून कळतं.

हेल्मेटची कड अजून तशीच. आता तर पडद्यासारखी खाली येते. एर्मेस म्हणतो, कड त्याने एप्रिलमध्येच बोटभर कापली. खोटारडा.

४ जुलै, रॅंस

आज जे झालं त्याने मी रात्रीचं जेवलो नाही.

विसाव्या फेरीला माझं इंजिन गेलं. नियमाप्रमाणे पहिल्या चालकाची गाडी बंद पडली तर दुसऱ्याची मागून घेता येते. सगळे संघ करतात. गुण मिळाले तर दोघांत अर्धे अर्धे. पण दुसरा चालक तोंड वेडंवाकडं करतो, हेल्मेट आपटतो, कधी बोलावलेलं दिसलंच नाही असं दाखवतो. माणसासारखं वागतो. हा पठ्ठ्या तिसरा होता, आयुष्यात पहिल्यांदा तिसरा, आणि पाटी दाखवताच पहिल्याच फेरीत आत आला, उडी मारून उतरला. म्हणाला, "उस्ताद, उजवीकडे नीट. शेवटच्या वळणापाशी, उजवीकडे." मला! उजवं डावं शिकवतो!

मी त्याची गाडी सातवी आणली.  कावालिएरेंनी सिगारेट पेटवायला तीन काड्या घालवल्या. मी आल्विझेच्या डोळ्यांत राग शोधत होतो. तिथे दया होती. शिवी दिली असती तर मी त्याला मिठी मारली असती.

९ जुलै, मोदेना

नोर्मा बाजारात गेली होती. मी तिची वेळांची वही उघडली. चोरून नाही, टेबलावरच होती, पर्समध्ये.

प्रत्येक शर्यतीचं एक पान. डावीकडे माझ्या फेऱ्या, उजवीकडे त्याच्या. आणि माझ्या रकान्यात वेळांच्या पुढे पेन्सिलीने बारीक फुल्या. सिराकुझा तीन. स्पा चौदा. रॅंस एकतीस. त्याच्या रकान्यात एकही नाही.

तासभर डोकं धरून बसलो तेव्हा उलगडा झाला. तो प्रत्येक फेरीला तिला हात करतो. तिला त्याची खूण ठेवायची आहे, पण त्याच्या नावापुढे ठेवली तर पकडली जाईल. म्हणून माझ्या नावापुढे. माझ्याच नावाच्या आडोशाने! सिराकुझाला तीनदा, रॅंसला एकतीसदा. प्रेम वाढत जातं ते असं.

वही होती तशी ठेवली. ती आली, अंजीर आणले होते, माझ्या आवडीचे. मी मूग गिळून अंजीर खाल्ले.

१९ ऑगस्ट

तिच्या कोटाच्या खिशात आगगाडीचं तिकीट. मोदेना ते पादोव्हा, जाऊन येऊन.

"बोलोन्याला गेले होते," ती म्हणाली. "बहिणीकडे. शिवणाचं काम होतं."

पुढचं काही विचारलं नाही. खोटं बोलताना ती केस कानामागे घेते हे मला लग्नाआधीपासून माहीत आहे. तिने केस कानामागे घेतले.

२६ ऑगस्ट

ती पुन्हा "बोलोन्याला" गेली. मी स्टेशनवर वर्तमानपत्राआड बसलो. चारच्या गाडीतून उतरली. मागून आल्विझे उतरला, तिची छत्री हातात घेऊन. ती रडत होती. तो तिला काहीतरी समजावत होता आणि ती मान हलवत होती, नाही, नाही. मग त्याचे शब्द मला स्पष्ट ऐकू आले: "ताई, मोंझाच्या आधी त्यांना सांगायलाच हवं. नाहीतर मी सांगतो."

म्हणजे ठरलं आहे. फक्त मला सांगायचं बाकी आहे.

मी उठून त्याच्या कानफटात मारायला हवी होती. त्याऐवजी घरी आलो, तिच्या आधी पोचलो, बटाटे सोलत बसलो. ती आली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून कितीतरी वेळ उभी राहिली. मी विचारलं, "काही सांगायचंय?" ती म्हणाली, "मोंझा झाल्यावर." इतका कंजूष झालोय मी, की हे दहा दिवस मिळाले याचाही आनंद झाला.

४ सप्टेंबर, मोंझा

सराव. कावालिएरेंना बाजूला घेऊन सांगितलं, "पुढच्या वर्षी एक तर तो, नाही तर मी."

ते म्हणाले, "मालागोली, आधी उद्याची शर्यत नीट पार पाड. मग कोण राहतं ते बघू." माझ्याकडे न बघता म्हणाले.

उद्या मी त्या पोराला मागे टाकणार. गाडीही माझी आणि बायकोही माझी, हे तिला ऐंशी फेऱ्या दाखवणार.

५ सप्टेंबर, मोंझा, संध्याकाळ

सगळं क्रमाने लिहितो, कारण मलाच नीट लावून घ्यायचंय.

पहिल्या चाळीस फेऱ्या मी पाचवा, आल्विझे माझ्या पुढे चौथा. बेचाळिसाव्या फेरीला त्याची गाडी कडेला उभी दिसली, धूर येत होता. सांगायला लाज वाटते, पण मी हेल्मेटमध्ये मोठ्याने हसलो.

पुढच्या फेऱ्यांत तो चालत पिटला पोचला असणार. कारण पंचेचाळिसाव्या फेरीला मी मान पूर्ण वळवून भिंतीकडे पाहिलं, आणि ते दोघं तिथे होते. खांद्याला खांदा लावून. वारा सुटला होता आणि त्या भल्यामोठ्या पाटीची एक बाजू तिने धरली होती, एक त्याने. तिचा हात आणि त्याचा हात यांत चार बोटांचं अंतर होतं.

शेहेचाळिसाव्याला पुन्हा मान वळवली. अंतर दोन बोटं.

सत्तेचाळिसाव्याला त्याने तिच्या खांद्यावर हात टाकलेला. गाडीखाली काहीतरी खरडलं, उजवीकडे, मी लक्ष दिलं नाही. अख्खी फेरी मला फक्त तो हात दिसत होता. दोनशेच्या वेगाने झाडं मागे पळत होती आणि तो हात जागचा हलत नव्हता. मी ओरडत होतो. काय ते इथे लिहिण्यासारखं नाही.

अठ्ठेचाळिसाव्या फेरीला मी शर्यत सोडली. गेली खड्ड्यात. मी गाडी पिटमध्ये घातली, फक्त एका कारणासाठी, त्याला भिंतीवरून खाली ओढायला.

थांबतो न थांबतो तोच एर्मेसने बगलेत हात घालून मला वर खेचलं. मूठ वळण्याआधीच आल्विझे माझ्या जागी बसला होता. त्याने माझा दंड दाबला, "शाब्बास, उस्ताद," म्हणाला, आणि गाडी घेऊन गेलासुद्धा. मी वळलो तर नोर्मा माझ्या गळ्यात. रडत होती, हसत होती, माझ्या तेलकट तोंडाचे मुके घेत होती.

"पाहिलीस! ओरेस्ते, तू पाहिलीस! मला वाटलं तुला दिसणारच नाही!"

"काय?"

"पाटी!"

पाटी भिंतीला टेकवून ठेवली होती. मी पहिल्यांदाच ती जवळून बघत होतो. तिच्यावर नंबर नव्हता, आकडा नव्हता. हातभर पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं: ओरेस्ते, आत ये. तीन फेऱ्या ते दोघं ती धरून उभे होते. तिन्ही वेळा मी तिकडे मान वळवून बघितलं होतं, आणि हातांशिवाय काहीही पाहिलं नव्हतं.

"पाहिली तर," मी म्हणालो. "एवढी मोठी पाटी. न दिसायला काय झालं?"

एर्मेस माझ्यापाशी आला आणि माझ्या तळहातावर मूठभर गवत ठेवलं. गाडी उभी होती तेवढ्या वेळात उजव्या पुढच्या चाकामागून ओढून काढलेलं. "वळणाच्या कडेला रचलेल्या गवताच्या गंज्यांचं आहे," म्हणाला. "किती फेऱ्या घासत होतास तिकडून?" मला एकही आठवत नव्हती.

माझी गाडी आल्विझेने चौथी आणली. दीड गुण त्याला, दीड मला.

६ सप्टेंबर, मोदेना

नोर्माने स्वतःहून वही माझ्यासमोर ठेवली. फुली म्हणजे ज्या फेरीला मी बोट उचललं नाही ती फेरी. ज्या फेरीला तिचा निरोप माझ्यापर्यंत पोचला नाही ती. आधी तिला वाटलं मी रागावलोय. मग मोजायला लागली. काल एकेचाळीस होत्या. त्या तिने कावालिएरेंना दाखवल्या आणि सांगितलं, त्याला आत बोलवा, नाहीतर मी रस्त्यावर जाऊन उभी राहते.

"आणि पादोव्हा?"

"आल्विझेचे काका तिथे डोळ्यांचे मोठे डॉक्टर आहेत. सिराकुझाला त्यानेच आधी ओळखलं. उजवीकडून आला की तुला तो दिसतच नव्हता. दोनदा गेले मी, तुझं सगळं सांगायला. ते म्हणतात, बघितल्याशिवाय काही सांगता येत नाही. आणि तुला कोण सांगणार? मार्चमध्ये एकदा सांगितलं तर तू घर डोक्यावर घेतलंस."

मी पान उलटून कालच्या अठ्ठेचाळिसाव्या फेरीवर बोट ठेवलं. तिथे फुली नव्हती. छोटासा गोल होता, पेन्सिल इतकी दाबलेली की कागद फाटला होता. ती म्हणाली, "याच्यासाठी तू मला काहीही माग."

तिथेही फुलीच हवी होती. मी ते तिला सांगितलं नाही, सांगणारही नाही. मी सहा महिने तिच्यावर जळत होतो आणि त्या जळफळाटानेच मला आत आणलं, हे बायकोला कसं सांगायचं? मी फक्त "पादोव्हाला किती वाजताची गाडी आहे," एवढं विचारलं.

१३ सप्टेंबर, पादोव्हा

डॉक्टर झांकिन उंच आहे, देखणा आहे आणि विधुर आहे. नोर्मा दोनदा इथे एकटी आली होती हे मला बसल्या बसल्या आठवलं. खोड जात नाही.

त्याच्या भिंतीवर तोच तक्ता होता, तीच अक्षरं. त्याने माझा डावा डोळा पुठ्ठ्याने झाकला आणि वाचायला सांगितलं. मी वरपासून खालपर्यंत घडाघडा म्हणून दाखवला. दाराशी उभा असलेला आल्विझे खाकरला.

डॉक्टर हसला नाही. "फार छान," म्हणाला. "तक्ता मी दोन मिनिटांपूर्वी काढून ठेवलाय, सिन्योर मालागोली. त्या जागी तुमच्या पत्नीला खुर्चीवर बसवलंय. आता सांगा, काय दिसतं?"

 मला डाव्या टोकाला खिडकीचा उजेड दिसला, डॉक्टरच्या पांढऱ्या बाहीची कड दिसली. मधे करडा पडदा होता, हेल्मेटच्या कडेसारखा, पण डोक्यावर हेल्मेट नव्हतं. ती दोन हातांच्या अंतरावर बसली होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"नोर्मा," मी म्हणालो, "केस कानामागे घेतलेस का गं?"

"नाही," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला.

डॉक्टर तिच्याकडे बघत असणार. आल्विझे बघत असणार. दारातली नर्ससुद्धा बघत असणार. मला त्या सगळ्यांचा हेवा वाटला.